पवईत जनुक बदललं, बिल कोण भरणार?

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली केली. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचं वाचन पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हा त्या जागतिक प्रकल्पात चीन होता, भारत नव्हता. त्यामुळे ‘जीनोम इंडिया’च्या कामाचं कौतुक रास्तच. मात्र फरीदाबादच्या संगणकांत साठवलेली ही माहिती म्हणजे उपचार नव्हे. जनुकविज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत कसं पोचतं आणि कुठे अडतं, हे पवईत जास्त स्पष्ट दिसतं.

‘नेक्सकार-१९’ ही देशात विकसित झालेली पहिली कार-टी उपचारपद्धती. पवईतल्या आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत तिची जडणघडण झाली, रुग्णांवरच्या चाचण्यांचा भार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने उचलला आणि आयआयटीतच रुजलेल्या इम्युनोॲक्ट कंपनीने ती बाजारात आणली. औषध नियंत्रकांची मंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन तिचं लोकार्पण केलं.

रक्ताच्या काही कर्करोगांत केमोथेरपी थकते, आजार उलटतो. अशा वेळी रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत एक नवं जनुक सोडतात. त्यामुळे ‘सीडी-१९’ ही खूण अंगावर असलेल्या कर्करोगाच्या पेशी त्यांना ओळखून मारता येतात. मग या बदललेल्या टी-पेशींची संख्या वाढवून त्या सलाइनसारख्या परत शरीरात सोडतात. हीच खूण निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हा चमत्कार नव्हे. मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आलेल्या निष्कर्षांनुसार, परिणाम तपासता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. इतर उपाय संपलेल्यांसाठी हा आकडा मोठा आहे.

खरी बातमी मात्र किमतीची. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या कार-टी औषधाची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, रुग्णालयाचा खर्च वेगळा. पवईची पद्धत तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात आली. जनुक वाहून नेणारा विषाणू परदेशातून आणण्याऐवजी इथेच तयार केला, हे त्यामागचं एक मोठं कारण.

पण तीस लाख कुणाला स्वस्त? राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं. नांदेडहून परळला उपचारासाठी आलेलं, फुटपाथवर रात्र काढणारं कुटुंब उरलेले पंचवीस लाख आणणार कुठून? या संशोधनामागे सार्वजनिक पैसा आहे, आयआयटी आणि टाटा मेमोरियल या दोन्ही सार्वजनिक संस्था आहेत. राज्य सरकारने आता कंपनीशी घाऊक दर ठरवावा आणि निवडक रुग्णांचा, आधी लहान मुलांचा, पूर्ण खर्च उचलावा. वर्षाला शंभर मुलं धरली, तरी आजच्या दराने ही रक्कम तीस-चाळीस कोटींच्या पुढे फारशी जात नाही.