रुमालाखालचं कमिशन

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने रक्तदाब मोजायच्या मशीनची लिंक टाकली. सोबत लिहिलं, "आम्ही घरी हेच वापरतो, एकदम मस्त." आपाने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, त्याच लिंकवरून मशीन मागवलं. दंडाचा पट्टा तिला आखूड पडला. ईदला भाच्याकडे गेलो तेव्हा सहज म्हटलं, तुमचं मशीन दाखव बघू. मशीन नव्हतंच!

घरी येऊन ती लिंक उघडली. पत्त्याच्या शेवटी 'टॅग' आणि पुढे त्याचं नाव. अफिलिएट लिंक.

हा प्रकार जुना आहे. ॲमेझॉनने आपली अशी योजना १९९६ मध्ये, फक्त पुस्तकं विकत असताना सुरू केली. लिंकवर बोट ठेवलं की आपल्या फोनमध्ये कुकी नावाची एक नोंद बसते. तिथला साधारण नियम असा, की पुढच्या २४ तासांत तुम्ही जे घ्याल त्यावर लिंकवाल्याला कमिशन. लिंक मशीनची आणि खरेदी साबणाची, तरी चालतं. मधेच दुसऱ्याच्या लिंकवर गेलात तर हक्क त्या दुसऱ्याचा. दर वस्तूगणिक वेगळा. आणि माल परत केला की कमिशनही गेलं.

भाच्याला विचारलं तर तो हसला. "मामू, खालाला एक रुपया तरी जास्त पडला का?"

नाही पडला. किंमत तीच असते, कमिशन कंपनी देते. म्हणून तर हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण आपाने ते मशीन परत केलं नाही. "पोराने एवढ्या मायेने सांगितलं, परत कसं करू?" असं ती मला म्हणाली होती. तिने पैसे मशीनसाठी मोजले नव्हते, भाच्याच्या शब्दासाठी मोजले होते.

कमिशन घेणं मला गैर वाटत नाही. बाजार समितीतला अडत्याही घेतो, पण त्याची अडत, हमाली, तोलाई सगळं पट्टीवर लिहिलेलं असतं. रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे बदनाम झाले ते उगाच नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. पैशाचा संबंध असेल तर साध्या भाषेत, सहज दिसेल असं सांगा. वस्तू स्वतः वापरलेली असू द्या. आता घरच्या ग्रुपवर सरकार कशाला येतंय म्हणा. पण अनोळखी माणसाने सांगायचं आणि भाच्याने सांगायचं नाही, हे कुठलं गणित?

हे सगळं मी त्याला ऐकवलं. थोडा रुसला. गेल्या आठवड्यात ग्रुपवर मिक्सरची लिंक आली, खाली ओळ होती: 'यावरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं.'

आपाने लगेच विचारलं, "किती?"

उत्तर अजून आलेलं नाही.