'मेट्रन' या शब्दाची थोरवी

रात्रीं दिवे मालवावयास लावणारी, ताटांत भाजी टाकूं न देणारी वसतिगृहांतील बाई म्हणजे मेट्रन, एवढीच आमच्या विद्यार्थिवाचकांची समजूत असते. इंग्रजींत तर या शब्दापासून झालेलें विशेषण वय झालेल्या, स्थूल बांध्याच्या स्त्रीस पुष्कळदां हिणवून लावितात. शब्दाचें मूळ पाहिलें म्हणजे हा उपहास किती अनुचित आहे हें कळून येईल.

लॅटिन भाषेंत आईस 'मातेर' म्हणतात. आपल्या संस्कृत 'मातृ' शब्दाचें तें सख्खें भावंड होय. त्यापासून 'मात्रोना' शब्द झाला. प्राचीन रोममध्यें विवाहित व प्रतिष्ठित स्त्रीस हें नांव असे. १ मार्च रोजीं 'मात्रोनालिया' नांवाचा त्यांचा सण होई व पति पत्नीस भेटी देत. फ्रेंच भाषेंतून हा शब्द १४ व्या शतकांत इंग्रजींत आला. पुढें रुग्णालयाची अगर वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीस तो लागूं लागला. येथेंच त्याचा खरा उत्कर्ष झाला, असें आम्हांस वाटतें. कारण ती विवाहित आहे कीं नाहीं हा प्रश्न मग उरला नाहीं. अंगावर घेतलेल्या कामानें तिला मान मिळाला.

याचा दाखला पाहण्यास लोणारकरांनीं दूर जावयास नको. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजा येथें १५९८ सालीं जन्मलेल्या जिजाबाईंस 'आऊसाहेब' म्हणत. आणि 'आऊ' म्हणजे आईच. १६६४ सालीं शहाजीराजे निवर्तले, तरी त्या नांवाचा मान तिळभरही उणावला नाहीं. उलट १६६६ सालीं शिवाजीमहाराज आग्र्यास गेले, तेव्हां राज्याचा कारभार आऊसाहेबांच्याच देखरेखीखालीं चालला.

असें असून आज कित्येक घरीं काय दिसतें? सरोवराकाठच्या कमळजादेवीस माता म्हणावयाचें, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवास शेजारच्या विधवा काकूंस मात्र वगळावयाचें! कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें २०२२ सालीं विधवांस हीन लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्यास जें साधलें, तें आपणांस कां साधूं नये?

मुलांनो, मेट्रनबाईंस हांक मारितांना त्या शब्दांत आई आहे हें विसरूं नका. आणि मातांस आमची विनंति अशी कीं, येत्या संक्रांतीचें पहिलें बोलावणें, आजवर ज्या घरीं गेलें नाहीं, त्या घरीं जावें.