जहाजं पुसलेला समुद्र
समुद्राचं चित्र म्हटलं की होड्या, खडक, फेसाळत्या लाटा हव्यातच. जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिश याच्या ‘समुद्रकाठचा संन्यासी’ (१८०८-१०) या चित्रात यातलं जवळपास काहीच नाही. पांढुरकी वाळू, काळसर पाण्याचा अरुंद पट्टा आणि उरलेला सगळा कॅनव्हास आकाशाचा. १८१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात या चित्राने खळबळ उडवली, प्रशियाच्या राजघराण्याने ते विकतही घेतलं. पण ‘यात बघायचं काय?’ ही तक्रार तेव्हापासूनची. माझ्या मते हे रितेपण आळसातून आलेलं नाही, ते कमावलेलं आहे. अवरक्त किरणांच्या तपासणीत दिसलं, की फ्रीडरिशने आधी जहाजं रेखाटली होती आणि नंतर ती काढून टाकली.

यावर कोणी म्हणेल, रंगाखाली दडलेल्या रेषा प्रेक्षकाला कुठे दिसतात? चित्र समोर आहे तसंच जोखावं. मान्य. पण पुरावा वरच्या रंगातही आहे. त्या काळच्या निसर्गचित्रांत बहुधा कडेला एखादं झाड किंवा कडा असे, त्याच्या आधाराने नजर आत शिरे. इथे दोन्ही बाजू मोकळ्या आणि क्षितिज सपाट, बरंच खाली. अंतराचा अंदाजच लागत नाही, म्हणून वाळूवर उभा असलेला पाठमोरा संन्यासी इतका क्षुद्र भासतो. खटकतो तो त्याचा झगाच: ध्यान, भक्ती, वैराग्य असा आयता अर्थ तो चित्राला चिकटवतो. त्या जागी एखादा कोळी उभा असता, तरी हे आकाश तेवढंच अंगावर आलं असतं.