पोकळ डब्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पोटात डोके घालावे, हे आमच्या काही प्राध्यापकांना रुचणार नाही. पण घसारा, भंगारमूल्य आणि हमी हे तीन शब्द मला पाठ्यपुस्तकापेक्षा उद्यमबागेतल्या एका गॅरेजात अधिक चांगले कळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या मामांचे शहापुरात कापडाचे दुकान आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी हायब्रिड मोटार घेतली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असलेली. पर्यावरणाचा कळवळा वगैरे काही नव्हता. इचलकरंजीच्या फेऱ्यांना पेट्रोल कमी लागावे, एवढाच हेतू. गेल्या श्रावणात एक दिवस गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने यंत्र जोडून संकेतांक वाचला, पी-०४२०, आणि निकाल देऊन टाकला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. कंपनीचा नवा भाग घ्यायचा तर लाखाच्या वर. मामांचा उतरलेला चेहरा पाहून तोच पुढे म्हणाला, "तेगेदु बिडोण, साहुकार्रे!" म्हणजे, काढूनच टाकू या, सावकार. बाहेरचा डबा तसाच ठेवायचा आणि आतली जाळी फोडून काढायची. कोणाला कळतही नाही. खर्च दीड हजार.

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉमर्सचा ना रे? मग कर हिशेब."

मी केला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या कागदावर पोकळ डबाच पहिला आला. एका बाजूला लाख आणि दुसऱ्या बाजूला दीड हजार; यात विचार तो काय करायचा? आज माझे मत असे आहे की तो हिशेब साफ चुकला होता, आणि निव्वळ वहीच्या नियमांनीच चुकला होता. निम्म्या नोंदी मी केल्याच नव्हत्या.

हा डबा काय करतो ते आधी पाहू. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनीमातीच्या जातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म थर असतो. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या थरावरून जाताना त्यांचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होतात. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून हे डबे सर्रास बसू लागले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. शिसे या थराला मारक असते, म्हणून त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोलही आले.

आता माझी पहिली राहिलेली नोंद. पी-०४२० चा अर्थ 'डबा गेला' असा नाहीच. डब्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचे माप सतत वरखाली होते. डबा धडधाकट असेल तर मागच्याचे बऱ्यापैकी स्थिर राहते. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की मोटारीतला संगणक म्हणतो, डब्याचे काम उणे दिसते. पण नळीच्या सांध्यातून हवा शिरत असेल किंवा सेन्सरच म्हातारा झाला असेल, तरीही तोच संकेतांक येऊ शकतो. शिवाय डबा सहसा आपल्या मरणाने मरत नाही. इंजिन तेल खात असेल किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असेल, तर ती घाण डब्यात येऊन त्याला मारते. कारण तसेच ठेवून नवा डबा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. खानापूर रोडवरच्या दुसऱ्या एका कारागिराने आमच्या गाडीत दोन्ही गोष्टी दाखवल्या: सांध्यातला गॅस्केट फुटलेला आणि एक इग्निशन कॉइल मरणपंथाला लागलेली. (या माणसाची आणखी एक खूण सांगतो. गाडीखालच्या जाड नारिंगी तारांना त्याने आपल्या पोऱ्याला हात लावू दिला नाही. हायब्रिडमध्ये त्या उच्च दाबाच्या विजेच्या असतात. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्याकडे अशी गाडी नेऊ नये.) दोन्ही दुरुस्त्या काही हजारांत झाल्या आणि दिवा विझला. महिन्याने तो पुन्हा लागला, तेव्हा मात्र डबा खरोखरच थकला होता, हे आम्हांला पैसे वाया न घालवता कळले.

दुसरी नोंद अधिक बोचणारी. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव एका ट्रॉय औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, २५ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्या काळात अमेरिकेत चोर रात्री मोटारींखाली शिरून हे डबे कापून नेत, आणि टोयोटा प्रियस या हायब्रिडवर त्यांची विशेष मर्जी होती. डबा कोणी कोणाकडून विकत घ्यावा, याचा कायदा कॅलिफोर्नियाला २०२२ मध्ये करावा लागला. भाव पुढे खूप उतरले, पण डब्याची किंमत संपली नाही. आता गंमत पाहा. दीड हजार रुपये आम्ही देणार होतो, आणि जाळी फोडून निघालेला तो मौल्यवान चुरा गॅरेजात राहणार होता! माझ्या कागदावर भंगारमूल्याचा रकानाच नव्हता. घसारा काढताना प्रत्येक उदाहरणात भंगारमूल्य वजा करणारा मी, घरच्या व्यवहारात ते सपशेल विसरलो.

जुना भाग गॅरेजवाल्याने ठेवून घ्यायचा, ही आपल्याकडची रीत मला मुळातच मान्य नाही. भाग आपला असेल तर तो परत मिळावा, नाहीतर त्याची किंमत बिलात वजा दिसावी. यात संकोच कसला?

तिसरी नोंद पैशात मांडता येत नाही. मामांची गाडी घराच्या बोळात उभी असते आणि आजीच्या खोलीची खिडकी नेमकी तिच्या मागे उघडते. हायब्रिड विजेवर चालते म्हणून बिनधुराची, असे पुष्कळांना वाटते. पण सकाळी सुरू करताच तिचे इंजिन थोडा वेळ चालते, ते बव्हंशी हा डबा तापवण्यासाठीच. जाळी तापल्याशिवाय काम करीत नाही. डबा पोकळ केला तर ती सारी धडपड फुकट, आणि न बदललेला कार्बन मोनॉक्साइड सरळ त्या खिडकीशी. त्याला ना रंग ना वास.

कोणी म्हणेल, प्रदूषण तपासणी आहे की! भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीला इंजिन मंद चालताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. पोकळ डब्याची गाडी तिच्यात बसणे कठीण. पण नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. आणि गाडी न नेताही प्रमाणपत्र कसे मिळते, हे या गावच्या वाचकांना मी सांगायला नको.

शेवटी मामांनी बाहेरच्या कंपनीचा डबा बसवला, मूळ किमतीच्या चौथ्या हिश्श्यात. स्वस्त डब्यात मौल्यवान धातू कमी असतो आणि तो लवकर थकतो, म्हणून अमेरिकेत अशा डब्याने निदान २५ हजार मैल काम देण्याची हमी उत्पादकाला द्यावी लागते. आम्ही तीन दुकाने फिरलो. पहिल्या दोघांनी "चालेल हो, काळजी करू नका" एवढीच हमी दिली. तिसऱ्याने भारत स्टेज चार आणि एक वर्ष, असे पावतीवर लिहून दिले. माल तिथूनच घेतला.

जुना डबा मी मागून घेतला. पहिल्या भंगारवाल्याने तो लोखंडाच्या काट्यावर टाकला. दुसऱ्याने आधी चष्मा लावून त्यावरचा क्रमांक वाचला, कोणाला तरी फोन केला आणि पहिल्याच्या कितीतरी पट भाव सांगितला. नव्या डब्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यातून सुटला. मामांनी ती रक्कम खतावणीत कोणत्या खात्यावर जमा धरावी म्हणून मला विचारले. मी मोटार दुरुस्ती खाते सांगितले. ते म्हणाले, "नको, आजीच्या नावावर लिही."