स्वस्त मोबाइलमधला न दिसणारा चोर

अमेरिकेत २०१६ मध्ये ‘ब्लू आर-१ एचडी’ हा स्वस्तातला मोबाइल विकला जात होता. क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीने तो तपासला, तेव्हा मालकाला न विचारता त्यातले मेसेज, कॉलची नोंद आणि सेव्ह केलेले नंबर चीनमधल्या सर्व्हरवर जात असल्याचं उघड झालं. मेसेज तर दर ७२ तासांनी. हे काम ‘अडप्स’ कंपनीचं अपडेटचं सॉफ्टवेअर करत होतं. ते दुसऱ्या कंपनीसाठी बनवलं होतं, चुकून या फोनमध्ये आलं, असा खुलासा अडप्सने केला.

यात ग्राहकाची चूक नव्हती. कुठली लिंक दाबली नव्हती की ॲप घेतलं नव्हतं. सॉफ्टवेअर फोनसोबतच आलं होतं. असं सॉफ्टवेअर सिस्टिममध्येच बसलेलं असतं, त्यामुळे फोन रिसेट केला तरी जात नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बोट ठेवलं ते ब्लू कंपनीवर: पुरवठादारावर लक्ष का ठेवलं नाही?

पीकविम्याचे, बँकेत जमा झालेल्या पैशांचे मेसेज आज मोबाइलवरच येतात. त्यामुळे फोन घेताना कॅमेरा आणि किंमत बघून भागत नाही. अपडेट कोण देतं, किती वर्षं देतं, पक्कं बिल मिळतं का, हेही दुकानदाराला विचारायला हवं.