‘ऐकतच नाही’ म्हणजे नेमकं काय?

‘काय सांगू बाई, आमचं कारटं ऐकतच नाही!’ हळदी-कुंकवाला जा, सप्ताहाच्या पंगतीत बसा, नाहीतर अर्धापूरहून नांदेडला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभ्या राहा. दोन आया भेटल्या की हे वाक्य आलंच म्हणून समजा. मग दुसरी म्हणते, ‘आमच्याकडं तरी काय वेगळं आहे?’

पण मैत्रिणींनो, हे ‘ऐकत नाही’ म्हणजे नेमकं काय? आपल्या मराठीत हा शब्द मोठा फसवा आहे. लेकरू ऐकत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा ते आपण सांगितलेलं करत नाही, एवढंच आपल्याला म्हणायचं असतं. म्हणजे आपल्याला हवी असते आज्ञा पाळणं, आणि नाव मात्र आपण देतो ऐकणं! ‘दप्तर उचल’ म्हटल्यावर लेकरानं दप्तर उचललं नाही, तर त्यानं ते ऐकलेलं असतं, फक्त केलेलं नसतं. आणि धाक दाखवल्यावर मुकाट्यानं उचललं, म्हणून त्याला ऐकता यायला लागलं असंही नाही.

खरं ऐकणं ही शिकायची गोष्ट आहे. कानावर आलेल्या आवाजाकडं लक्ष देणं, त्याचा अर्थ लावणं, तो ध्यानात ठेवणं आणि मग उत्तर देणं, एवढं सगळं त्यात येतं. भाषा शिकण्याचा क्रमच श्रवण, भाषण, वाचन, लेखन असा आहे. पहिली पायरी श्रवणाची. आपण मात्र थेट चौथीवर उडी मारतो. बालवाडीतल्या लेकराच्या हातात पाटी देऊन ‘लिही’ म्हणतो. मन लावून ऐकायला त्याला कुणी शिकवलं, हे कुणीच विचारत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायला हवी. लेकराला ऐकू येतं का? हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवून बसतं, सारखं ‘आं? आं?’ करतं, वर्गात मागं पडतं. अशा लेकरावर आपण पटकन ‘ढ’ नाहीतर ‘आगाऊ’ असा शिक्का मारून मोकळ्या होतो. कधी कानात मळ साचलेला असतो, कधी सर्दीनंतर कान वाहत असतो. कान फुटला की घरोघरी गरम तेल सोडतात, केसाच्या पिनेनं नाहीतर काडीनं कान कोरतात. हे करू नका. पडद्याला इजा होते. लहान मुलांमधला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारख्या कारणांनी येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन लेकरांची तपासणी होते, त्यात कानही बघतात. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. शंका असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याला विष्णुपुरीचं सरकारी दवाखान्याचं मोठं ठिकाण काही फार लांब नाही.

कान चांगले असतील, तर पुढचं काम घरचं. आपल्या आज्ज्यांकडं त्याची छान रीत होती. गोष्ट सांगताना त्या हुंकारा मागायच्या. लेकरानं ‘हं’ म्हटलं की गोष्ट पुढं. हुंकारा थांबला की गोष्टही थांबली! लेकरू जागं आहे का, त्याचं ध्यान आहे का, हे त्यावरून कळायचं. आता गोष्ट मोबाइल सांगतो, आणि त्याला हुंकारा लागतच नाही. लेकरू झोपलं तरी तो आपला बोलतच राहतो.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं फार कौतुक वाटतं. कोरोनात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल काही हातातून सुटेना. तेव्हा या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. आपल्या गल्लीत भोंगा नसेना का, आपण आपल्या घरात अर्धा तास तरी ठरवू शकतो. अट एकच, मालिका आपलीही बंद!

त्या अर्ध्या तासात काय करायचं? फार काही नाही. शेंगा फोडता फोडता, तूर निवडता निवडता गोष्ट सांगा आणि मध्येच थांबून विचारा, ‘आता पुढं काय झालं असंल?’ डोळे मिटून दोन मिनिटं आवाज मोजायला लावा. भांड्याचा, बकरीचा, केळीचे घड भरून चाललेल्या टेम्पोचा. कानगोष्टीचा खेळ खेळा. ‘दुकानातून साखर, मीठ अन् काडेपेटी आण’ असं एकदाच सांगा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. स्वयंपाकघरातून ओरडून दहा सूचना देण्यापेक्षा जवळ जाऊन, नावानं हाक मारून एकच गोष्ट सांगा. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर गोष्ट घरच्या बोलीतच सांगा. मराठी असो, उर्दू असो की तेलुगू, घरच्या भाषेत ऐकायची सवय लागली की ती शाळेतही कामी येते.

आता थोडं कडू बोलते. आपण मुलींना ऐकणं शिकवत नाही, ‘ऐकून घेणं’ शिकवतो. मुलाला तर दोन्ही शिकवत नाही. ‘मुलीच्या जातीनं ऐकून घ्यावं’ म्हणतो आणि पोराला बहिणीचं बोलणं मध्येच तोडू देतो. तोच पोरगा उद्या बायकोचं काय ऐकणार? आणि पोरगी ‘मला अजून शिकायचंय’ म्हणते, तेव्हा ते कुणाच्या कानावर जातं? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. त्यातल्या किती जणी काहीतरी सांगू बघत असतील, बघा!

लेकरू ऐकायला शिकतं ते आपलं ऐकलं गेल्यावर. ‘आई, ऐक ना’ म्हणत ते पदर ओढतं आणि आपण फोडणीकडं बघत ‘हं, बोल, ऐकतेय’ म्हणतो. त्याला बरोबर कळतं की आई ऐकत नाही. असं चार वेळा झालं की ते सांगायचं सोडून देतं. मग शाळेच्या रस्त्यावर कुणी त्रास दिला, कुणी नको तिथं हात लावला, तर ते कुणाला सांगणार? मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन आहे, तो लेकरांना पाठ करून द्याच. पण त्यांनी पहिल्यांदा सांगावं ते आपल्याला, असं वाटत असेल तर गॅस बारीक करून दोन मिनिटं त्यांच्याकडं तोंड करून बसायला हवं. भाजी थोडी उशिरा झाली तरी चालेल.