अनुभवावर मेसचा डबा मिळत नाही

‘स्टायपेंड नाही, पण अनुभव मिळेल.’ पुण्यातल्या कंपन्या हे इतक्या सहज लिहितात, जणू अनुभव दाखवला की मेसवाला डबा देतो. फुकट इंटर्नशिपला पुण्यात घर असलेलीच पोरं येणार. परभणीच्या मुलीने कॉट बेसिसचं भाडं कशातून भरायचं?

सरकारकडे बोट दाखवू नका. २०२४ साली पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, तेव्हा महिन्याच्या ५,००० रुपयांत कंपनीचा वाटा होता ५००. (एका पिझ्झ्याचे!) शिवाय पूर्णवेळ कॉलेजात शिकणाऱ्यांना त्यात जागाच नव्हती.

बरं, पैसे दिले की संपलं असंही नाही. दोन महिने एक्सेल भरून घेतलंत तर पोरगी शिकली काय? तिला शिकवायला एक सीनियर नेमा आणि त्याच्या टार्गेटमधून तेवढे तास वजा करा, नाहीतर तो बिचारा शिकवणार कधी? एक छोटं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या हाती द्या. चुकलं तर का चुकलं, ते त्याच आठवड्यात सांगा. सर्टिफिकेटवर ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ एवढंच न छापता तिने नेमकं काय केलं ते लिहा.

हे जमत नसेल आणि काम मात्र करून हवं असेल, तर सरळ नोकरीची जाहिरात द्या, पगाराच्या आकड्यासकट.